गणपतीपुढची पेटी

गोरखी, लष्कर (ग्वाल्हेर)
२ नोव्हेंबर १९३५

चि. मधू,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाखाली दबले आहेत. शोधून घे.

भाऊबीज झाली. ओवाळायला तू नव्हतास, म्हणून चंद्राला ओवाळलं. चंद्र वाद घालत नाही आणि ताटावरून उठून जात नाही, एवढं बरं. तुझे भावोजी म्हणाले, "त्याला म्हणावं ओवाळणी टाक." मला हसू आलं नाही.

तू कलकत्त्याच्या कॉलेजात नोकरी धरलीस, शरयूला घेऊन गेलास, आणि जाताना मला वाकून नमस्कार करून एक शब्द न बोलता टांग्यात बसलास. नमस्कार कशाला केलास मग? कारण काय, तर सगळ्या भागीदारांच्या बैठकीत मी म्हणाले की पेटी बंद होती. पत्रातही तेच म्हणते. आठ वर्षांपूर्वीच्या गणपतीत तुझं बिनतारी यंत्र आपल्या घरी देवापुढे मांडलं होतं, तेव्हा पेटीला झाकण होतं. मला तरी तसंच आठवतं.

तू रागात असलास की कानात बोळे घालतोस, म्हणून वकिलांनी सांगितलेलं पुन्हा लिहिते. रेडिओ लावला की जी कर्कश शीळ वाजायची, ती मारण्याची तारांची जुळणी तू शोधलीस. तिचं पेटंट घेतलंस आणि ते आपल्या भागीदारांच्या लष्कर बिनतारी मंडळीला दिलंस. कलकत्त्याची वेंटवर्थ कंपनी तीच जुळणी आपल्या रेडिओत घालून हिंदुस्थानभर विकते. आम्ही म्हणतो, परवाना घ्या आणि दर रेडिओमागे आमचा वाटा द्या. ती म्हणते, ही युक्ती पेटंटच्या आधीच लोकांनी पाहिली होती, तेव्हा तुमचं पेटंटच रद्द. लोक म्हणजे आपल्या गणपतीला आलेली माणसं. पेटी बंद असेल तर त्यांनी मुंबईचं गाणं ऐकलं आणि प्रसाद खाऊन घरी गेली. उघडी असेल तर त्यांनी युक्ती पाहिली, आणि मग सगळंच पाण्यात.

मानसिंगराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "अहो, ग्वाल्हेर काय इंग्रजांचा मुलूख आहे? इथली बात कलकत्त्यात कशी चालेल?" वकील म्हणाले, त्या दिवशी झाशीच्या तारऑफिसातले दोघे पाहुणे आले होते, आणि झाशी इंग्रजी मुलूख आहे. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तर तिकडे पोचलंच समजा. मग मानसिंगरावांनी मिशी सोडली.

मधू, हे मानसिंगराव जन्मभर रिसाल्यात घोड्यावर बसले. त्यांना विजेचा दिवासुद्धा संशयास्पद वाटतो. पण तुझ्यासाठी भागीदार झाले. आपल्या मोहल्ल्यातल्या शांताताईंनी थोरल्या लेकीच्या लग्नाचं म्हणून बाजूला काढलेलं सगळं यात घातलं, तेही माझ्या शब्दावर. हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या बायकांनी माझ्याच शब्दावर घातलं. त्या आता रोज विचारतात, "दुर्गाबाई, मधूचं काही आलं का?" मी काय सांगू?

तू बंद म्हण. एवढंच मागते.

तुझी अक्का


२४ नोव्हेंबर १९३५

चि. मधू,

पत्र आलं ते शरयूच्या अक्षरात. तुझ्या हाताला काय झालं, कलकत्त्याची हवा बाधली? चार पानं तिने तिथल्या माशांबद्दल आणि शेजारणींबद्दल लिहिली, आणि तळाशी तुझी एक ओळ: "पेटी उघडी होती. देवापुढे झाकलेलं ठेवायचं नाही असं तूच म्हणालीस."

म्हणाले असेन. मी पुष्कळ म्हणते. नैवेद्य झाकून दाखवतात का कोणी? वाटीवरची वाटीसुद्धा आपण काढतो. तू म्हणत होतास, "अक्का, धूळ बसेल, झाकण राहू दे." आणि मी म्हटलं, देवाला काय खोका दाखवतोस? तेव्हा पेटंट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि गणपतीला तर नव्हतंच नव्हतं. नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे, मग वापरायला. तुझी जुळणी कलकत्त्याच्या पेटंटच्या कचेरीत आधी आणि देवापुढे नंतर, असं कोणत्या घरात झालं असतं?

पण हे आपल्या घरातलं बोलणं. कोर्टाला आपल्या घरातलं काय करायचंय? त्या कंपनीने तुला न विचारता तुझी अक्कल उचलली, हे खोटं नाही ना? मग एवढ्या मोठ्या खऱ्यासाठी एक झाकण लावलं तर आभाळ कोसळतं का? तू लहानपणी ताप लपवून शाळेत जायचास, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं सत्य?

इथे जिवाला स्वस्थता नाही. नई सडकेवर पांडुरंगरावांच्या घड्याळांच्या दुकानात सगळे भागीदार सकाळपासून ठाण मांडून असतात. गिऱ्हाईक आत शिरायला धजत नाही. गाडी आली की भावोजी पडावाकडे स्टेशनावर जातात, कलकत्त्याचा पेपर घेतात आणि तिथेच उभे राहून वाचतात. परत येताना त्यांची चाल बघूनच मला कळतं. पुढची तारीख पडली की चाल मंद. तारीख पडली हे कळताच बाजारात कोणीतरी कुजबुजतो की मंडळीचे शेअर अर्ध्या किमतीत मिळताहेत. दुसऱ्या दिवशी आवई उठते, कंपनी तडजोडीला आली, की लगेच तेच शेअर कोणी विकेना. कालच्या एका दिवसात मी तुझ्यामुळे श्रीमंत झाले, भिकारी झाले आणि पुन्हा श्रीमंत झाले. स्वयंपाकाकडे लक्ष नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं आणि भावोजींनी मुकाट खाल्लं, म्हणजे त्यांचंही लक्ष नव्हतं.

शरयूला म्हणावं, थंडीत कान बांधत जा.

अक्का


२० डिसेंबर १९३५

चि. मधू,

दावा उभा राहिला. तुलाही कळलंच असेल, तू तर त्याच गावात आहेस. कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन येतोस का रे? शरयू काही लिहीत नाही.

आपल्या वकिलांना तू स्पष्ट सांगितलंस म्हणे, "मला बोलावू नका. बोलावलंत तर उघडी होती असंच सांगेन." त्यामुळे तुला बोलावलं नाही. आणि तुला बोलावलं नाही म्हणून कंपनीचा बॅरिस्टर भर कोर्टात म्हणाला, "ज्याने शोध लावला म्हणता तो माणूस कुठे आहे? या शहरात राहून तो साक्षीला येत नाही, याचा अर्थ काय?" पेपरात आलंय. पांडुरंगरावांनी दुकानात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं. मी त्या वेळी तिथे गेले होते, भावोजींचं घड्याळ दुरुस्त झालं का बघायला. खरं सांगते, घड्याळ ठीक चाललं होतं.

तुझ्याबद्दल असं कोणी चारचौघांत बोललं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण तूच आपल्या हाताने त्याला जागा करून दिलीस ना!

आता ऐक. वकील म्हणतात, घरातलं कोणीतरी जाणतं माणूस हवं, ज्याने त्या दिवशी पूजेची सगळी मांडामांड केली. म्हणजे मी. बायकामाणसांना कलकत्त्याला ओढायचं नाही, म्हणून कोर्टाने नेमलेले एक वकीलसाहेब आग्ऱ्याहून इथे येणार आणि घरी बसूनच माझा जबाब लिहून घेणार. दोन्ही बाजूंचे वकीलही येणार. मानसिंगरावांनी लगेच विचारलं, "पडदा बांधायचा का?" मी म्हटलं, मी काय तुमच्या घरची सरदारीण आहे? समोर बसेन.

ते खूश झाले. "दुर्गाबाई बोलल्या की काम फत्ते. हमने तो पहले ही कहा था." शांताताईंनी माझा हात हातात घेतला. मुलीला बघायला मंडळी संक्रांतीनंतर येणार आहेत.

मी बंद म्हणणार आहे. तुला आधी सांगून म्हणते, म्हणजे पाठीमागून केलं असं व्हायला नको.

अक्का


१७ जानेवारी १९३६

चि. मधू, चि. सौ. शरयू,

तिळगूळ घ्या. गोड बोलायचं पुढे बघू. सोबत इथली तिळाची गजक पाठवली आहे. इकडे थंडी अशी आहे की शेगडीपासून उठवत नाही, आणि मला तर कुठेच बसवत नाही.

वकिलांनी माझी तालीम घेतली. त्यांनी विचारायचं, मी उत्तर द्यायचं. "पेटी बंद होती की उघडी?" "बंद." "आत काय होतं ते पाहिलं?" "नाही." "कोणी समजावून सांगितलं?" "नाही." एवढंच बोलायचं, पुढे शब्द लावायचा नाही. वकील म्हणाले, "बाईसाहेब, साक्षीदार कमी बोलण्याने मरत नाही." तुझे भावोजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. वकील गेल्यावर म्हणाले, "तू 'नाही' म्हणतेस तेव्हा पदर सारखा करतेस. बघणाऱ्याला कळतं." तेव्हापासून मी चालता-बोलता पदराकडे लक्ष ठेवते आहे. आता भाजीवालीला "नको" म्हणतानाही हात बांधून उभी राहते. ती विचारत होती, "बाई, तबियत तो ठीक है?"

मी भावोजींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय म्हणावं? ते म्हणाले, "माझे सगळे शेअर तुझ्या नावावर आहेत. मत पण तुझ्याच नावावर कर." असा माणूस! ओरडला असता तर बरं झालं असतं.

शांताताईंच्या मुलीला बघून गेले. पसंत आहे म्हणाले. तारीख दाव्याच्या निकालानंतर धरू असं ठरलं. आता तर मला श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

तू मला एक शब्द लिहिला असतास तर! शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

अक्का


१३ फेब्रुवारी १९३६

मधू,

झालं. काल जबाब झाला. तुला पेपरातून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसले. घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर शरयूकडून वाचून घे.

आग्ऱ्याचे ते वकीलसाहेब वयस्कर होते. पानाचं तबक पुढे केलं तर म्हणाले, "नहीं माँजी, काम के बाद." आपले वकील एका बाजूला, कंपनीचे बंगाली वकील दुसऱ्या बाजूला. मानसिंगराव, पांडुरंगराव आणि आणखी दोघे-तिघे ओसरीवर, आतलं ऐकू येईल इतक्या अंतरावर. शांताताई स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागच्या दाराआड.

आपल्या वकिलांनी विचारलं तसं मी सांगितलं. बंद. नाही. नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. सगळं लिहिलं गेलं. बाहेर मानसिंगराव खाकरले, तेही समाधानाने. मला वाटलं, संपलं, एवढ्याचसाठी जिवाचा इतका आटापिटा केला.

मग ते बंगाली वकील उठले. आवाज अगदी मऊ. मला त्यांचा राग यावा असं काहीच नव्हतं.

"पेटी बंद थी. तो अंदर क्या था, आपने नहीं देखा?"

"नहीं."

"आपके भाई ने किसी को समझाया भी नहीं?"

"नहीं."

"तो माँजी, आपको कैसे मालूम कि वो मशीन आपके भाई ने ही बनाई थी?"

हे तालमीत नव्हतं. मी आपल्या वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते.

तो पुढे म्हणाला, "उस साल बंबई में विलायती सेट बिकने लगे थे. एक सेट मँगवा लिया, ढक्कन लगा दिया, मोहल्ले को गाना सुना दिया. बाद में कागज़ पर अपना नाम. तभी तो आपके भाई साहब अदालत में मुँह नहीं दिखाते. क्यों माँजी, हो सकता है न?"

मधू, मला पुढचं नीट आठवत नाही. मी उठून उभी राहिले होते एवढं खरं. मी म्हणाले, काय बोलता तुम्ही? माझ्या भावाने विकत आणलेली वस्तू आपली म्हणून देवापुढे ठेवली असती? माझ्या पोळ्यांच्या लाटण्यावर त्याने तार गुंडाळली. महिनाभर मला लाटणं मिळालं नाही, मी बाटलीने पोळ्या लाटल्या. त्याची बोटं भाजली होती, मी तूप लावायचे. तारा जुळवून बघायचा, शीळ वाजायची, पुन्हा सोडायचा. शीळ थांबली त्या दिवशी तो या इथे, या खांबाला धरून रडला. आणि पेटी उघडी होती! मीच झाकण काढायला लावलं. त्याने पाटीवर एकेक तार काढून दाखवली. झाशीचे दोघे तर पाटी मांडीवर घेऊन बसले होते. विचारा त्यांना, कोणी समजावलं ते! सारा मोहल्ला साक्षीला उभा करते!

अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. तो ऐकत राहिला. आपल्या वकिलांनी दौतीचं झाकण लावलं. बाहेर कोणी खाकरलं नाही.

आग्ऱ्याच्या साहेबांनी चष्मा काढला. "माँजी, पहले आपने बंद कहा था. अब खुली कहती हैं. कौन-सा लिखूँ?"

तेव्हाही वेळ होती, मधू. मी रागात बोलले, विसरले, वयामुळे घोटाळा झाला, काहीही म्हणता आलं असतं. दाराआड शांताताईंच्या बांगड्या वाजल्या, त्याही मला ऐकू आल्या.

मी म्हणाले, "दूसरा."

त्यांनी लिहून वाचून दाखवलं आणि मी सही केली. तो बंगाली जाताना मला वाकून नमस्कार करून गेला. त्याने मुद्दाम डिवचलं की त्याला खरंच तसं वाटत होतं, देव जाणे. पान कोणीच खाल्लं नाही.

अक्का


९ एप्रिल १९३६

चि. मधू,

निकाल तुला ठाऊक आहे. पेटंट रद्द. वेंटवर्थ कंपनीला आता कोणाचाही परवाना नको. जज्जसाहेबांनी लिहिलंय की ही जुळणी मधुसूदन यांच्याच बुद्धीची आहे यात शंका राहिली नाही, परंतु ती आधीच उघड झाली होती. भावोजींनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या अर्ध्याला मी रडले. दुसऱ्या अर्ध्यालाही रडले.

मानसिंगराव आले होते, उभ्या उभ्या. "बाई, शर्यत जिंकत आलो होतो आणि तुम्ही घोडाच आडवा घातलात," म्हणाले. पांडुरंगरावांच्या दुकानात आता पुन्हा गिऱ्हाइकं येतात, कारण भागीदार येत नाहीत. मोहल्ल्यातून जाताना बायका मला वाट देतात. पूर्वी थांबवायच्या.

शांताताईंच्या लेकीचं लग्न मोडलं. त्या लोकांनी निरोप पाठवला की मुलाला अजून दोन वर्षं करायचं नाही. मी माझ्या पाटल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाटल्यांकडे पाहिलं, म्हणाल्या, "दुर्गाबाई, भावासाठी मी पण असंच केलं असतं. पण आज माझ्यासमोर बसू नका." मी घरी आले. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मांडलं होतं. डाळ आणि पन्हं तसंच राहिलं.

शरयूचं पत्र आलं. तिने लिहिलंय, माझा जबाब वाचून तुझे डोळे भरून आले आणि तू म्हणालास, "अक्का शेवटी खऱ्यालाच धरून राहिली." उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो म्हणालास. एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि मला ते तसंच्या तसं घेता येत नाही.

मधू, मी खऱ्याला धरून राहिले नाही. मी "बंद" म्हणाले होते, शांतपणे, हात न हलवता, आणि ते लिहूनही झालं होतं. त्या माणसाने तुझं नाव घेतलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं, आपण जिंकलो असतो, शांताताईंच्या दारी मांडव पडला असता, आणि मी त्या मांडवात साखरभात वाढत हिंडले असते. मला जेवण गोड लागलं असतं. खरं तू धरलंस, सगळ्यांशी वाईटपणा घेऊन. मी फक्त तुला धरलं. आणि त्याची किंमत मी दुसऱ्याच्या लेकीकडून वसूल केली.

पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करेन, हेही सांगते, कारण ते खरं आहे. म्हणून मला मोठी समजून येऊ नकोस, पायावर डोकं ठेवायला तर मुळीच नको. अशा बहिणीकडे यावंसं वाटत असेल तर ये. आणि आलास की घरी पाय ठेवायच्या आधी शांताताईंच्या दारात जा. त्यांनी तुला बस म्हटलं तर बस, नाही म्हटलं तर उभा राहा. पण जा.

तुझी अक्का